डॉट इन आणि डॉट भारत: डिचोलीच्या काजू दुकानासाठी घेतलेल्या दोन डोमेन नावांचे परीक्षण

डिचोलीत आमचा घरगुती काजूचा व्यवसाय आहे. भाजलेले काजू, आमसुले आणि हंगामात थोडीफार फणसाची साठे असा माल दुकानातून आणि कुरियरने जातो. कुरियरची गिऱ्हाइके बहुतेक कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी या बाजूची, म्हणजे मराठीत बोलणारी आणि मराठीतच निरोप लिहिणारी आहेत. त्यांच्या सोयीसाठी संकेतस्थळ करायचे ठरले तेव्हा एका भारतीय नोंदणी कंपनीकडून आम्ही दोन डोमेन नावे घेतली. एक रोमन लिपीतले आणि डॉट इनवर संपणारे, तर दुसरे देवनागरीतले आणि डॉट भारतवर संपणारे. हे परीक्षण मुख्यतः त्या दोन नावांचे आणि ओघाने त्या कंपनीच्या सेवेचे आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण तिच्याविषयी पुढे जे बरेवाईट लिहिले आहे ते या धंद्यातल्या बहुतेक कंपन्यांना कमीअधिक प्रमाणात लागू पडते.

डोमेन नाव ही वस्तू तपासायची तर आधी पैसे कशाचे मोजले हे कळायला हवे, आणि नेमके तेच कोणत्याही जाहिरातीत सांगितलेले नसते. नाव कायमचे कोणाच्याच मालकीचे होत नाही. एका मध्यवर्ती नोंदवहीत ठरावीक मुदतीपुरती आपली नोंद होते, आणि ती मुदत एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. गोव्यात जमिनीचा व्यवहार करणारा माणूस सर्वांत आधी एक-चौदाचा उतारा मागतो आणि त्यावर कोणाचे नाव लागले आहे ते पाहतो. डोमेनच्या नोंदवहीचे महत्त्व तितकेच आहे, फक्त ती पाहण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. डॉट इन आणि डॉट भारत यांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही २००३ साली स्थापन झालेली संस्था सांभाळते, तर डॉट कॉमची व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते. आपण ज्यांना पैसे देतो त्या नोंदणी कंपन्या या नोंदवहीत आपल्या वतीने नोंद घालणाऱ्या मध्यस्थ असतात. म्हणूनच मध्यस्थ बदलता येतो आणि नाव तेच राहते. या साऱ्या नावांच्या व्यवस्थेचा समन्वय १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते.

नावाचे काम कसे चालते, हेही थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी ते माहीत नसल्यामुळे होतात. संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात. सुरुवातीला सगळ्या जाळ्यातल्या यंत्रांची नावे आणि त्यांचे आकडे एकाच यादीत लिहिलेले असत. ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि प्रत्येकाने तिची ताजी प्रत तिथून उतरवून घ्यायची, अशी रीत होती. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डोमेन नाव प्रणाली मांडली. तिचे मर्म असे की संपूर्ण यादी कोणाजवळच नसते आणि प्रत्येकाला फक्त आपल्या खालच्या पायरीची माहिती असते.

गोवा सरकारचे संकेतस्थळ गोवा डॉट गव्ह डॉट इन या नावाचे आहे. हे नाव संगणक उजवीकडून डावीकडे सोडवतो. आपल्या फोनसाठी ही शोधाशोध करणारा मदतनीस सर्व्हर बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचाच असतो. तो आधी मूळ सर्व्हरांपैकी एकाला विचारतो. मूळ सर्व्हराला गोवा सरकारचा पत्ता ठाऊक नसतो, पण डॉट इनचा कारभार कोणाकडे आहे ते ठाऊक असते. डॉट इनचे सर्व्हर गव्ह डॉट इनकडे बोट दाखवतात, आणि अशा रीतीने खाली उतरत उतरत शेवटी आकड्यांचा पत्ता हाती येतो. मूळ सर्व्हरांना ए पासून एम पर्यंत तेरा अक्षरी नावे आहेत. एवढ्यावरून जगभरात तेराच यंत्रे असल्याचा समज पसरला आहे, पण तो खरा नाही. त्या तेरा नावांच्या मागे जगभर विखुरलेल्या दीड हजारांहून अधिक प्रती काम करतात आणि त्यांतल्या काही भारतातही आहेत. हा सगळा प्रवास दर वेळी होत नाही, कारण मदतनीस सर्व्हर मिळालेले उत्तर काही काळ आपल्याजवळ जपून ठेवतो.

नाव उजवीकडून वाचण्याची ही सवय ग्राहकालाही उपयोगी पडते. बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या संदेशांतल्या दुव्यात बँकेचे नाव बहुधा डावीकडे ठळक दिसते आणि उजव्या टोकाला भलतेच काही असते. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जाण्यास सांगितले, त्यामागचे कारण हेच आहे. ते टोक बँकांसाठी राखीव आहे आणि इतर कोणाला तिथे नोंदच करता येत नाही. डॉट गव्ह डॉट इन तसेच सरकारसाठी राखीव आहे. साधे डॉट इन मात्र कोणालाही मिळते, त्यामुळे नुसत्या डॉट इनवर विश्वास टाकून पैसे पाठवू नयेत, असे आमच्याच डॉट इनवाल्या दुकानाच्या वतीनेही सांगून ठेवते.

आता नाव निवडण्याविषयी लिहिते. गोव्यातल्या माणसाला या बाबतीत जी अडचण येते ती पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला सहसा येत नसावी. आपल्या गावांना दोन दोन रूपे आहेत. आपण डिचोली म्हणतो, पण नकाशावर आणि सरकारी पाटीवर पोर्तुगीज वळणाचे रोमन स्पेलिंग असते, आणि ते बी अक्षराने सुरू होऊन एम अक्षराने संपते. म्हापसा, पेडणे, साखळी, केपे, शिवोली या सगळ्यांची तीच कथा आहे. आमच्या दुकानाच्या नावात गावाचे नाव आहे. कोल्हापूरचे गिऱ्हाईक ऐकलेल्या उच्चाराप्रमाणे डी टंकते आणि नकाशा पाहून आलेला पर्यटक बी टंकतो. फोनवर पत्ता सांगताना, "ताई, डिचोली म्हणजे डी की बी?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की शेवटी दोन्ही स्पेलिंगांची नावे घेऊन एकावरून दुसऱ्यावर आपोआप वळण दिले. यात नूतनीकरणाचा खर्च एकाऐवजी दोन नावांचा होतो. ज्यांचे नाव अजून ठरायचे आहे त्यांनी गावाचे नाव टाळून, फोनवर एकदाच सांगितले तरी नीट लिहिता येईल असे नाव शोधावे, आणि मध्ये आडवी रेघ तर मुळीच घेऊ नये.

डॉट कॉम आम्ही घेतले नाही. आम्हाला हवे असलेले नाव कोणीतरी आधीच घेऊन ठेवले होते. त्या पानावर दुकान नाही, माल नाही, फक्त हे नाव विक्रीस असल्याची पाटी आहे, आणि मागितलेली रक्कम आमच्या एका हंगामाच्या नफ्यापेक्षा मोठी होती. डॉट कॉममधले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, आणि त्यानंतरच्या चार दशकांत सुटसुटीत शब्द जवळपास सगळेच गेले. नाव अडवून धरणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते, पण त्यासाठी आपले नाव आधीपासून व्यवहारात असल्याचे आणि समोरच्याचा हेतू खोटा असल्याचे दाखवावे लागते. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. डॉट इनसाठी निक्सीचे स्वतंत्र तंटा निवारण धोरणही आहे. आमचे दुकान त्या फंदात पडण्याएवढे मोठे नाही.

खरेदीचा अनुभव मिश्र होता. नाव उपलब्ध आहे का ते शोधणे क्षणाचे काम होते. मात्र पैसे भरण्याच्या पानावर आम्ही न मागितलेल्या तीन गोष्टी आधीच खुणा करून ठेवलेल्या होत्या. त्यांत ईमेलची सशुल्क योजना, संकेतस्थळ बांधण्याचे साधन आणि सुरक्षा प्रमाणपत्र यांचा समावेश होता. एकेक खूण काढत गेल्यावर एकूण रक्कम निम्म्याहून खाली आली. यांतले सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे पत्त्याच्या बाजूला कुलूप दाखवणारी व्यवस्था, लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी सेवा फुकट देते आणि संकेतस्थळाला जागा देणाऱ्या बऱ्याच कंपन्या ते आपणहून बसवून देतात. तेच वेगळ्या पैशांनी विकणे नियमबाह्य नाही, पण न विचारता टोपलीत टाकणे हे सचोटीच्या दुकानदारीचे लक्षण नव्हे.

किमतीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. पहिल्या वर्षाचा दर ठळक अक्षरांत असतो आणि दुसऱ्या वर्षापासूनचा दर त्याखाली बारीक अक्षरांत असतो. आमच्या बाबतीत हा दुसरा दर पहिल्याच्या दुपटीहून अधिक होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा होता. सवलत किती खरी हे पडताळण्याची एक वाट आहे. नोंदवही सांभाळणारी संस्था प्रत्येक नावामागे मध्यस्थाकडून घाऊक दर घेते, आणि डॉट कॉमचा तो दर १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला. मग कोणी शंभर रुपयांत डॉट कॉम देत असेल तर तो पहिल्या वर्षी पदरचे पैसे घालतो आहे आणि ते पुढच्या वर्षांत वसूल करणार आहे, हे उघड आहे. म्हणून कंपन्यांची तुलना करताना पाच वर्षांचा एकूण खर्च मांडावा. आम्ही तसा मांडला तेव्हा सर्वांत स्वस्त जाहिरातीची कंपनी तिसऱ्या क्रमांकावर गेली.

कंपनीच्या बाजूने सांगायचे तर तिचे नियंत्रण पान उत्तम आहे. डोमेनच्या नोंदी तिथे साध्या तक्त्यात दिसतात आणि त्या स्वतः बदलता येतात. ए नोंद संकेतस्थळाच्या यंत्राचा आकडा सांगते, एमएक्स नोंद ईमेल कोणत्या यंत्राकडे सोपवायची ते सांगते, सीनेम एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवते, आणि टीएक्सटीमध्ये निरनिराळ्या पडताळणीसाठी लागणारा मजकूर राहतो. इतके समजले की संकेतस्थळ एका कंपनीकडे, ईमेल दुसरीकडे आणि डोमेन तिसरीकडे ठेवता येते, हेही समजते. आमच्याकडे तशीच विभागणी आहे आणि ती मुद्दाम केलेली आहे, कारण एका ठिकाणी भांडण झाले तर बाकीचे अडकत नाही.

टीएक्सटी नोंदीचे महत्त्व ईमेलच्या निमित्ताने कळले. सुरुवातीला आमच्या पावत्या गिऱ्हाइकांच्या नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडत. आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, हे सांगणारी एसपीएफ नावाची ओळ, आणि पत्रावरची सही तपासण्यासाठी लागणारी डीकेआयएमची किल्ली, अशा दोन टीएक्सटी नोंदी घातल्यावर पावत्या योग्य कप्प्यात पोहोचू लागल्या. कंपनीच्या मदत पानांवर हे सगळे व्यवस्थित लिहिलेले आहे. मात्र ते इंग्रजीत आहे, आणि डॉट भारतसारखे देवनागरी नाव विकणाऱ्या कंपनीची मदत पाने एकाही भारतीय भाषेत नसावीत, याचे नवल वाटते.

संकेतस्थळाचे यंत्र बदलले तेव्हाचा प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. नवा आकडा ए नोंदीत घातल्यावर माझ्या मोबाइलवर नवे पान दिसू लागले, आणि दुकानातल्या वायफायवर मात्र संध्याकाळपर्यंत जुनेच पान येत राहिले. मदत केंद्रातल्या मुलाने नोंद जगभर पसरायला ४८ तास लागू शकतात, असे छापील उत्तर दिले. वास्तविक काहीच पसरत नसते. प्रत्येक नोंदीवर, हे उत्तर किती सेकंद जपून ठेवावे, याची मुदत लिहिलेली असते आणि तिला टीटीएल म्हणतात. आमच्या नोंदीवर ती १४४०० सेकंदांची, म्हणजे चार तासांची होती. वायफायच्या बाजूच्या सर्व्हराने जुने उत्तर बदलाच्या थोडे आधी घेतलेले असल्यामुळे तो ते चार तास वापरणारच होता. हे ठाऊक असलेला माणूस बदलाच्या आदल्या दिवशी मुदत कमी करून पाच मिनिटांवर आणतो, मग आकडा बदलतो आणि सगळे सुरळीत झाल्यावर मुदत पुन्हा वाढवतो. या कंपनीच्या पानावर ही मुदत आपली आपण बदलता येते. स्वस्तातल्या काही कंपन्या ती सोय देत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

आता डॉट भारतकडे वळते. देवनागरीतले डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि ते हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली आणि सिंधी या देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहे. गोव्यात कोकणी ही राजभाषा आहे, मराठीचाही सरकारी कामकाजात वापर होतो आणि दोन्हींची लिपी एकच आहे. हे लक्षात घेतले तर डॉट भारतसाठी याहून योग्य प्रदेश शोधून सापडणार नाही. शिवाय डी की बी हा प्रश्नच मिटतो. डिचोली हे मराठीत एकाच तऱ्हेने लिहिले जाते. पिशवीवर छापलेला आमचा मराठी पत्ता पाहून म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना जो आनंद होतो, त्याची किंमत आम्ही हिशेबात धरलेली नाही, पण ती आहे.

मात्र हे नाव वापरताना पावलोपावली अडखळायला होते. डोमेन नाव प्रणाली मुळात रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ यांच्यासाठी घडवली गेली होती. त्यामुळे देवनागरी नावाचे प्यूनीकोड नावाच्या पद्धतीने रोमन रूप केले जाते आणि सर्व्हरांच्या दरम्यान तेच रूप फिरते. डॉट भारतचे ते रूप म्हणजे एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे एच-२-बी-आर-जे-९-सी. ही व्यवस्था पडद्याआड राहिली असती तर तक्रार नव्हती, पण ती मधूनमधून पडद्यासमोर येते. ब्राउझरच्या पट्टीतून आमचा पत्ता उचलून निरोपात चिकटवला की सुबक मराठी नावाच्या जागी एक्सएनने सुरू होणारी अक्षरांची रांग उमटते, आणि फसव्या दुव्यांविषयी सावध झालेली गिऱ्हाइके ती पाहून स्वाभाविकच बिचकतात. बेळगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तर, "वहिनी, तुमचा फोन कोणी हॅक केला की काय?" असे काळजीने विचारले. हाताने टंकलेला पत्ता काही ठिकाणी निळा दुवा होतो आणि काही ठिकाणी साधा मजकूर म्हणून पडून राहतो. पत्त्यात टिंबाऐवजी मराठी कळफलकावरचा दंड, म्हणजे उभी रेघ, टंकला तरी पान उघडत नाही.

ईमेलच्या बाबतीत स्थिती आणखी नाजूक आहे. संपूर्ण देवनागरी ईमेल पत्त्याला लागणारे तांत्रिक मानक २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि जीमेलने २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय दिली, पण असंख्य अर्जांच्या चौकटी आजही देवनागरी अक्षर दिसताच पत्ता चुकीचा असल्याचे सांगतात. आमच्या मालवाहतूकदाराच्या नोंदणी पानाने आणि पावतीच्या संगणक प्रणालीनेही तेच सांगितले. त्यामुळे ईमेल डॉट इनवरच ठेवली आहे, आणि डॉट भारतवरून आलेले गिऱ्हाईकही आपोआप डॉट इनच्याच पानावर पोहोचते.

देवनागरी नाव निवडताना शुद्धलेखनाचा प्रश्नही येतो, आणि त्याची सूचना आम्हाला विक्रीच्या पानावर कुठेही दिसली नाही. गोमंतक असे अनुस्वार देऊन लिहिलेले नाव आणि गोमन्तक असे अर्धा न जोडून लिहिलेले नाव वाचणाऱ्याला एकच वाटते. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांना मिळू शकतात. काजूतला ऊकार ऱ्हस्व लिहिणारे महाभाग आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते सगळे आमच्या दुकानाऐवजी कुठेच पोहोचत नाहीत. ज्या नावात अनुस्वार, जोडाक्षर किंवा इकार-उकार यांचा घोळ होऊ शकतो ते नाव डॉट भारतसाठी टाळावे, किंवा दोन्ही रूपे घ्यावीत.

या सगळ्याहून महत्त्वाची बाब नोंद कोणाच्या नावे आहे ही आहे. किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणाऱ्या आमच्या एका परिचितांचे संकेतस्थळ ज्या मुलाने करून दिले, त्याने डोमेनची नोंद स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ईमेलवर केली होती. तो मुलगा परदेशी गेला आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या पेटीत पडत राहिल्या. पैसे दरवर्षी आमच्या परिचितांनी दिले होते, पण नोंदवहीच्या दृष्टीने त्यांचा त्या नावाशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणून पैसे भरल्यावर पहिले काम म्हणजे निक्सीच्या शोध पानावर आपले नाव टाकून नोंद पाहणे. व्यक्तिगत तपशील तिथे आता बहुतांशी झाकलेले असतात, तरी संस्थेचे नाव, राज्य, नोंदणी कंपनी आणि मुदत संपण्याची तारीख दिसते. झाकलेले तपशील नियंत्रण पानावर आपल्याच खात्यातून पाहता येतात, आणि तसे पाहता येत नसतील तर नोंद आपल्या हाती नाही, असे खुशाल समजावे. आमच्या कंपनीने ओळखीची कागदपत्रे मागितली तेव्हा जरा कटकट वाटली, परंतु नोंद खऱ्या माणसाच्या नावे व्हावी यासाठी ते योग्यच आहे.

खात्याला जोडलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरची ईमेलही बंद पडते, आणि मग परवलीचा शब्द बदलण्याचे पत्र जिथे यायचे ती पेटीच उघडत नाही. हा सल्ला आम्हाला कंपनीने दिला नाही, पण नोंदणीच्या वेळी एका ओळीत द्यायला तिचे काय बिघडले असते, कळत नाही.

मुदत संपण्याविषयीचे नियम डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनने घालून दिले आहेत. सुमारे महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यानंतर पाच दिवसांच्या आत अशी स्मरणपत्रे नोंदणी कंपनीने पाठवायची असतात. मुदत उलटली की नाव लगेच दुसऱ्याला मिळत नाही. सवलतीचे काही दिवस कंपनीवर अवलंबून असतात, त्यानंतर नोंद खोडली गेली तरी ३० दिवस ती दंड भरून सोडवता येते, आणि त्यापुढच्या पाच दिवसांनंतर नाव सर्वांसाठी खुले होते. हा दंड नूतनीकरणाच्या कित्येक पट असतो. आमच्या कंपनीची डॉट इनची स्मरणपत्रे वेळेवर आली, पण त्यांच्या बरोबरीने सवलतींच्या जाहिरातींचीही इतकी पत्रे आली की महत्त्वाचे पत्र त्यांत सहज हरवावे. आमची मुदत नेमकी चवथीच्या दिवसांत संपते, आणि त्या दिवसांत आमच्या घरात कोणी संगणक उघडण्याच्या मनःस्थितीत नसते. आपोआप नूतनीकरण चालू ठेवले तर कार्डाची मुदत संपलेली नाही ना, तेवढे पाहावे. आम्ही डॉट इनचे नूतनीकरण एकदम पाच वर्षांसाठी करून टाकले आणि तो विषय संपवला.

मदत केंद्र फोनवर लागते आणि हिंदीत बोलते. टीटीएलच्या वेळचे छापील उत्तर सोडले तर बाकी उत्तरे समाधानकारक होती. कंपनीची खरी परीक्षा ती सोडून जाताना होते, म्हणून स्थलांतराचा संकेतांक, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे नेताना द्यावा लागणारा परवलीचा शब्द, मागून पाहिला. तो नियंत्रण पानावरच, कोणाला फोन न करता, कारणे न विचारता ताबडतोब मिळाला. काही कंपन्या त्यासाठी मदत केंद्राकडे अर्जामागून अर्ज करायला लावतात, असे ऐकले आहे. डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस दुसरीकडे नेण्यास साधारणपणे मज्जाव असतो, तेवढे ध्यानात ठेवावे.

धंद्यासाठी घ्यायचे तर डॉट इन नि:शंकपणे घ्यावे. ते स्वस्त आहे, सगळीकडे चालते, कारभार देशातला आहे, आणि मनासारखे नाव अजून मिळू शकते. डॉट भारत आम्ही दरवर्षी एकेका वर्षासाठीच वाढवणार आहोत. ते पाटीवर आणि पिशवीवर शोभते, पण एकट्याच्या बळावर दुकान चालवण्याइतके ते अजून सक्षम नाही. गावोगावची वाचनालये, नाट्यमंडळे आणि देवस्थानांच्या समित्या यांना डॉट ऑर्ग डॉट इन अधिक योग्य ठरेल. ते कोणालाही घेता येते. मात्र अशा ठिकाणी कार्यकारिणी बदलते आणि नोंद जुन्या कार्यवाहांच्या खासगी ईमेलवर तशीच राहते. म्हणून नोंदणी करतानाच संस्थेच्या रकान्यात संस्थेचे पूर्ण नाव घालावे, संपर्कासाठी संस्थेची स्वतंत्र ईमेल उघडून तीच द्यावी, आणि खात्याचा परवलीचा शब्द दप्तराबरोबर नव्या कार्यवाहांच्या हाती सोपवून ते इतिवृत्तात लिहून ठेवावे.